पहिली चाल कोणाची?

आमच्या शाळेत बुद्धिबळाचे सात पट आहेत. त्यांतल्या एका पटाचा काळा हत्ती हरवला आहे. त्याच्या जागी मुले बॉलपेनचे टोपण उभे करतात आणि त्याला इमानदारीने हत्ती मानतात. शनिवारी सकाळची शाळा असते. तेव्हा शेवटच्या दोन तासिकांत मी आठवी-नववीच्या मुलामुलींना हा खेळ शिकवते. मी काही खेळाडू नाही, शाळेत गणित शिकवते. लहानपणी नानांकडून मोहरी हलवायला शिकले आणि बी.एड.ला असताना वसतिगृहातल्या एका मैत्रिणीने नीट नियम शिकवले, एवढेच माझे भांडवल.

हा उपक्रम सुरू केला तेव्हा शिक्षकांच्या खोलीत थोडी चर्चा झाली. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "टीचर, आपल्या हनफी मसलकमध्ये शतरंज मकरूह आहे." दुसरे सहकारी कोकणातले, शाफई. ते हसून म्हणाले, "आमच्या इमामसाहेबांनी थोडी सूट दिली आहे. जुगार नको, नमाज चुकायला नको. तेव्हा शनिवारी मुले आमच्या मसलकप्रमाणे खेळतील!" खोलीत हशा झाला आणि विषय मिटला. मुख्याध्यापकांनी जोहरच्या अजानआधी पट उचलायची अट घातली. ती आम्ही आजवर पाळली आहे.

मुलांना गोडी लागावी म्हणून मी दर वर्षी पहिल्या शनिवारी एक गोष्ट सांगायची. पंजाबातल्या एका खेड्यात सुलतान खान नावाचा मुलगा होता. एका नवाबसाहेबांच्या घरी नोकर होता. लिहिता-वाचता येत नव्हते, बुद्धिबळाचे एकही पुस्तक त्याने कधी उघडले नव्हते. तरीही तो विलायतेत गेला आणि गोऱ्यांना हरवून त्यांचा चॅम्पियन झाला. जगज्जेत्या कापाब्लांकालासुद्धा त्याने धूळ चारली. गोष्ट संपली की मुले टाळ्या वाजवायची, मलाही भरून यायचे.

एका वर्षी मी मुलांना डावाची सुरुवात शिकवत होते. इंग्रजीत तिला ओपनिंग म्हणतात. पहिल्या आठ-दहा चाली कशा खेळाव्यात, कोणते मोहरे कोणत्या घरात न्यावे, हे वहीत उतरवून घ्या म्हटले. आठवीतल्या एका मुलीने वही उघडलीच नाही. का म्हणून विचारले तर म्हणाली, "टीचर, किताब की क्या जरूरत? सुलतान खान तो बिना पढ़े जीता था ना?"

वर्गात पिकलेल्या हशात मीही सामील झाले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. मुलगी उद्धट नव्हती, तिने माझ्याच गोष्टीचा सरळ अर्थ लावला होता. मग मी काय शिकवले होते? न शिकणे ही थोरवी आहे, हे?

त्यानंतर मी सुलतान खानविषयी मिळेल ते वाचू लागले. त्या वाचनातून उभा राहिलेला प्रश्न इथे मांडते आहे. तो बुद्धिबळापुरता राहिलेला नाही.

*

आधी तो डाव पाहू. हेस्टिंग्ज हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे गाव. तिथली नाताळच्या सुट्टीतली स्पर्धा जुनी आणि मानाची. १९३०-३१ च्या स्पर्धेत सुलतान खान पांढरी मोहरी घेऊन क्यूबाच्या होजे राउल कापाब्लांकासमोर बसला. कापाब्लांका १९२१ ते १९२७ जगज्जेता होता. १९१६ पासून १९२४ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे, त्याने एकही स्पर्धात्मक डाव गमावला नव्हता. सुलतान खानला मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळू लागून चार-पाचच वर्षे झाली होती.

त्याचे बालपण देशी नियमांत गेले. माझे नानाही तसेच खेळत. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाते. आजच्यासारखा किल्लेकोट नसतो. राजाला शह मिळालेला नसेल तर त्याला एकदाच घोड्याची चाल खेळता येते. सगळाच खेळ संथ, दोन्ही फौजा समोरासमोर यायला वेळ लागतो. अशा खेळात सुरुवातीच्या चाली पाठ करण्याचे फारसे काम पडत नाही. युरोपात तर त्या काळी सुरुवातीच्या चालींवर जाडजूड पुस्तके होती आणि मोठे खेळाडू ती कोळून प्यायलेले असत.

हेस्टिंग्जच्या त्या डावात कापाब्लांकाने वजिराकडचा उंट कडेने बाहेर काढण्याची रचना घेतली. पाचव्या चालीला सुलतान खानने अगदी डाव्या टोकाचे, वजिराकडच्या हत्तीसमोरचे प्यादे एकच घर पुढे सरकवले. चाल इतकी साधी की नवशिक्याची वाटावी. तिच्यामुळे काळ्याचा दुसरा उंट पुढे येऊन पांढऱ्याच्या घोड्याला जखडून ठेवू शकत नाही आणि पटाचा मध्य पांढऱ्याच्या हाती सुखाने राहतो. त्याने ही चाल पूर्ण विचाराने खेळली की एकेक घर प्यादे सरकवण्याची जुनी सवय हाताशी आली, हे कोणी सांगू शकणार नाही. मला वाटते दोन्ही असेल. माणसाची बोली जशी त्याच्या प्रत्येक भाषेत डोकावते, तसा पहिला खेळ दुसऱ्या खेळात डोकावतोच.

पुढचा डाव मी मुलांबरोबर पटावर अनेकदा लावला आहे. सुलतान खानने किल्लेकोट केलाच नाही, राजा मध्येच राहू दिला. एकविसाव्या चालीपासून कापाब्लांकाने दोन्ही हत्ती शत्रूच्या घरात घुसवून लागोपाठ शह दिले. त्या झटापटीत त्याचे दोन हत्ती गेले आणि सुलतान खानचा वजीर गेला. वजीर गेला म्हटल्यावर आमची मुले दर वेळी "गया, गया!" म्हणून ओरडतात. पण पट बंद होता, प्यादी एकमेकांसमोर अडून बसली होती. काळ्याच्या वजिराकडे ताकद होती, ती वापरायला वाट नव्हती. सुलतान खानने घाई केली नाही. राजा सुरक्षित केला, हत्ती एकेक करून जागेवर आणले आणि कापाब्लांकाला इंच इंच दाबत नेले. ६५ चालींनंतर कापाब्लांकाने हार मानली. पुढे त्याने स्वतः सुलतान खानच्या प्रतिभेची मोकळ्या मनाने तारीफ केली.

१९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे सुलतान खान ब्रिटिश विजेता होता. १९३१ मध्ये प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसून त्याने फ्लोर आणि रुबिनस्टाइन यांना हरवले, जगज्जेत्या अलेखाइनला बरोबरीत रोखले. डिसेंबर १९३३ मध्ये तो हिंदुस्थानात परतला. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना खेळला, त्यात फक्त एक डाव बरोबरीत सुटला, बाकीचे नऊ त्याने जिंकले. त्यानंतर तो मोठ्या खेळातून बाहेरच पडला. सरगोध्याच्या परिसरात शेती करत राहिला आणि १९६६ मध्ये क्षयाने वारला. युरोपातली त्याची सारी कारकीर्द पाच वर्षांचीही नाही.

*

हे सगळे खरे आहे. मग माझी गोष्ट चुकली कुठे?

२०२० मध्ये इंग्लंडचे ग्रँडमास्टर डॅनियल किंग यांचे सुलतान खानवर पुस्तक आले. त्याच्या उपशीर्षकातच 'इंडियन सर्व्हंट', हिंदुस्थानी नोकर, असा शब्द आहे. त्यावर सुलतान खानच्या घरच्यांनी आक्षेप घेतला. त्याच्या नातीने, डॉ. अतियाब सुलतान यांनी, जाहीरपणे लिहिले की आमचे आजोबा नोकर नव्हते आणि निरक्षरही नव्हते, ते जमीनजुमला असलेल्या घरातले होते. दुसरीकडे अमेरिकन खेळाडू रूबेन फाइनची आठवण आहे. १९३३ मध्ये अमेरिकन संघाला सर उमर हयात खान तिवाना यांच्या घरी जेवायला बोलावले होते, तिथे इंग्लंडचा चॅम्पियन सुलतान खान स्वतः ताटे वाढत होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्याला युरोपी घराची रीत माहीत आहे त्याला वाढणारा माणूस नोकरच दिसणार. आपल्याकडे दावतीत घरचा मुलगाही हात धुवायला पाणी देतो, ताट वाढतो. खरे काय होते याचा निवाडा मी करणार नाही. इतके मात्र कळले की जी गोष्ट मी छातीठोकपणे सांगत होते, तिच्यातले 'अनपढ नोकर' हे दोन शब्द त्याच्या घरच्यांनाच मान्य नव्हते.

दुसरी चूक याहून मोठी. 'कोणाकडून काही न शिकता' हे तर उघडच खोटे आहे. देशी खेळ त्याला वडिलांनी शिकवला. सर उमर यांच्या आश्रयाने तो आंतरराष्ट्रीय नियम शिकला आणि १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकला. १९२९ मध्ये लंडनला गेल्यावर त्याच्यासाठी एक सराव स्पर्धा ठेवली, तिच्यात तो तळाला राहिला. मग विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन नामांकित खेळाडूंनी त्याला तयार केले. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला तो ब्रिटिश विजेता झाला. तळाला राहणे आणि विजेता होणे यांच्यामध्ये शिकवणी आहे. माझ्या गोष्टीत ती नव्हतीच. मी स्वतः शिक्षिका, आणि मीच गोष्टीतून उस्ताद वगळला होता.

आता कापाब्लांकाकडे पाहा. चार वर्षांचा असताना वडिलांचा खेळ पाहता पाहता आपण खेळ शिकलो, असे तो सांगत असे. सुरुवातीच्या चालींची पुस्तके घोकण्याबद्दल त्याचीही ख्याती नव्हती. पण तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेला, तिथल्या मोठ्या क्लबात खेळून तयार झालेला. त्याने पुस्तक बाजूला ठेवले तर लोक म्हणाले, काय प्रतिभा! सुलतान खानकडे पुस्तक नव्हते तर लोक म्हणाले, काय चमत्कार! प्रतिभावंताला मान मिळतो. चमत्कार पाहायला गर्दी जमते, आणि तमाशा संपला की गर्दी घरी जाते.

*

आता माझी स्वतःची कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका मुलाला दहावीला गणितात ९७ गुण मिळाले. वडील हमाली करायचे, घर एका खोलीचे, ट्यूशन नाही. सत्कार झाला. भाषण मीच केले. म्हणाले, "याच्याकडे काही नव्हते. ना ट्यूशन, ना टेबल, ना इंग्रजी माध्यम. तरी याने करून दाखवले. ज्याला करायचे आहे त्याला कशाची गरज नसते." टाळ्या पडल्या. मान्यवरांनी शाल दिली, कुणी पेन दिले, फोटो निघाले.

त्याने अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. पुस्तके सगळी इंग्रजीत. दहा वर्षे उर्दूत गणित केलेला मुलगा. त्रिज्येला 'रेडियस' म्हणतात हे त्याला ठाऊक होते, पण प्राध्यापक एका दमात जे बोलायचे त्यातले निम्मे कळायचे नाही. पहिल्या सत्रात तो मागे पडला, दुसऱ्यात कॉलेजला जाणे सोडले. मला हे वर्षभराने कळले. आज बसस्टँडजवळ त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे, चांगले चालते. दुकानाचे मला वाईट वाटत नाही, हलालची रोजी आहे. एकदा मी त्याला विचारले, "तेव्हा माझ्याकडे का आला नाहीस? मी इंग्रजी शब्द तरी समजावले असते." तो खाली मान घालून म्हणाला, "टीचर, आपने ही तो कहा था, जिसको करना है उसको किसी चीज की जरूरत नहीं. मुझे शरम आई."

हा घाव मला अजून दुखतो. माझ्या स्तुतीने त्याची मदत मागण्याची वाटच बंद केली होती. ज्याला कशाचीच गरज नसते त्याने कोणत्या तोंडाने मदत मागावी?

तेव्हापासून मला या प्रकारच्या स्तुतीची भीती वाटते. वंचिताच्या वंचनेला आपण दागिना करतो. 'काही नसताना जिंकला' असे म्हटले की त्याच्याकडे काही का नव्हते, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. ते देणे ज्यांच्याकडे बाकी होते ते सगळे टाळ्या वाजवून मोकळे होतात. त्यांत सरकार आहे, संस्थाचालक आहेत, समाजातले पैसेवाले आहेत आणि आम्ही शिक्षकही आहोत. शिवाय जे शंभर मुलगे-मुली काही नसताना हरले, त्यांच्या माथी दोष जातो: तो करू शकला, तुम्ही का नाही?

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गरीब मुलांना उमेद कुठून द्यायची? आमच्या मोहल्ल्यातल्या मुलाला रोज हेच ऐकू येते की तुझ्याने काय होणार. त्याला एखादा सुलतान खान दाखवला, थोडे मीठमसाला लावून दाखवला, तर काय बिघडले? माझ्या कोकणातल्या सहकाऱ्यांनी हेच विचारले. मी त्यांना म्हटले, सर, उमेद द्यायलाच हवी. पण मुलाला खोटा नकाशा देऊन प्रवासाला पाठवले तर वाटेत चुकल्यावर तो नकाशाला दोष देत नाही, स्वतःच्या पायांना देतो. सुलतान खानची खरी गोष्टही उमेद देणारीच आहे. त्याला वडिलांनी शिकवले, दोन उस्तादांनी घासूनपुसून तयार केले, तो एकदा तळाला राहिला आणि मग जिंकला. यात मुलाला सांगण्यासारखे जास्तच आहे. शीक, विचार, हर, परत शीक.

दुसरा आक्षेप पुस्तकाबद्दलचा. सुरुवातीच्या चाली पाठ करणारी मुले मी पाहते. समोरच्याने सहाव्या चालीला पुस्तकाबाहेरचे काही केले की त्यांचे हात थांबतात. हा रट्टा गणितातही चालतो आणि मला तो मुळीच आवडत नाही. सुलतान खानचे बळ डावाच्या मध्यात आणि शेवटात होते, जिथे पाठांतर संपते आणि माणूस एकटा उरतो. हे कबूल. पण एकटे उरण्याची जागा विसाव्या चालीला यावी, दुसऱ्याच चालीला येऊ नये. पहिल्या चाली दुसऱ्यांनी शोधलेल्या असतात. त्या शिकून घेतल्या की आपली अक्कल पुढच्या, खरोखर नव्या जागेसाठी शिल्लक राहते.

*

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली माहीत होती. नवव्या शतकात अल-अदलीने शतरंजवर पुस्तक लिहिले. पुढे बगदादच्या दरबारातला मोठा खेळाडू अबू बक्र अस-सूली याने स्वतःचे पुस्तक लिहिताना अदलीच्या चुका दाखवल्या. सूलीचा शागीर्द अल-लजलाज. या नावाचा अर्थच अडखळत बोलणारा. त्याने एकाच सुरुवातीचा चालीमागून चाल असा बारीक अभ्यास लिहून ठेवला. अडखळत बोलणाऱ्या माणसाला उस्तादाने पटावर बोलायला शिकवले, असे मला ते वाचताना वाटले. डावाच्या सुरुवातीला फौजेची जी मांडणी करायची तिला अरबीत 'तअबिया' म्हणत, म्हणजे लढाईपूर्वीची सज्जता. तोच शब्द 'ताबिया' होऊन रशियन खेळाडूंच्या तोंडी बसला आणि आज जगभरचे खेळाडू नेहमीच्या सुरुवातीच्या स्थितीला ताबिया म्हणतात. एकाने लिहिले, दुसऱ्याने दुरुस्त केले, तिसऱ्याने पुढे नेले. तअबिया कोणा एकाची मालमत्ता नाही. ती अमानत आहे, पुढच्याला पोचवण्यासाठी हाती आलेली.

हेस्टिंग्जच्या डावातल्या त्या पाचव्या चालीचे पुढे काय झाले, तेही सांगते. टोकाचे प्यादे एक घर सरकवण्याची ही पद्धत आज पुस्तकांत टिग्रान पेट्रोशियनच्या नावाने ओळखली जाते. तो १९६३ मध्ये जगज्जेता झाला. पुढे १९८०च्या दशकात कास्पारोव्हनेही तिचा मोठा उपयोग केला. सुरुवातीला मला राग आला. चाल आपल्या माणसाची, नाव दुसऱ्याचे! मग पेट्रोशियनविषयी वाचले. तिब्लिसीतला आर्मेनियन मुलगा, युद्धाच्या काळात आईवडील गेले, पोटासाठी रस्ते झाडले. म्हणजे तोही काही नसलेलाच. पण तिब्लिसीत मुलांसाठी 'पायोनियर पॅलेस' नावाचे सरकारी केंद्र होते. तिथे बुद्धिबळ शिकवत, एब्रालिड्झे नावाचे प्रशिक्षक होते. पोराने पोटाला चिमटा घेऊन निमझोविचचे पुस्तक विकत घेतले आणि ते जवळजवळ पाठ केले. सोव्हिएत राजवटीचे गोडवे मला गायचे नाहीत, तिने माणसांवर काय जुलूम केले ते जग जाणते. पण झाडूवाल्या अनाथ पोराला त्या केंद्राचे दार उघडे होते, हे खरे आहे.

इथे मला दोन शब्द आठवतात: एहसान आणि हक. सुलतान खानला जे मिळाले ते एका बड्या माणसाच्या मर्जीने मिळाले. सर उमर लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या कौन्सिलवर होते म्हणून सुलतान खान लंडनमध्ये होता. ते परतले, तोही परतला. तो नोकर असो वा जमीनदाराचा मुलगा, त्याच्या खेळाचे वेळापत्रक दुसऱ्याच्या मुक्कामावर ठरत होते. सर उमर यांची नियत चांगली नव्हती असे मी म्हणत नाही. त्यांनी हुनर ओळखले, वाट दिली, याचे श्रेय त्यांना आहेच. पण एहसान म्हणून मिळालेली तालीम देणाऱ्याबरोबर घरी परत जाते. हक म्हणून मिळालेली तालीम माणसाजवळ राहते आणि त्याच्यामागून येणाऱ्यालाही मिळते. पेट्रोशियननंतर त्या दारातून आणखी मुले गेली. सुलतान खाननंतर त्याच्या वाटेने कोण गेले?

एक नाव आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. सर उमर यांच्याच घरातली गुलाम फातिमा, जिला इंग्लंडमध्ये 'मिस फातिमा' म्हणत, १९३३ मध्ये ब्रिटिश महिला स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी पुरुषांत सुलतान खान जिंकला होता. एका वर्षी, एका घरातून, दोन चॅम्पियन! ती परत आली आणि खेळाच्या इतिहासातून तिचे नाव जवळजवळ पुसले गेले. फार वर्षांनी एका ब्रिटिश माहितीपटात तिने सांगितले की हिंदुस्थानात परतल्यावर सुलतान खानला कैदेतून सुटल्यासारखे वाटले होते. इंग्लंडच्या थंडीने तो सारखा आजारी पडे. त्याच्या मुलाची आठवण आहे की वडिलांनी मुलांना बुद्धिबळ शिकवले नाही, आयुष्यात याहून उपयोगी काही करा असे सांगितले.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. ज्याने कापाब्लांकाला हरवले त्याने आपल्या मुलांच्या हाती प्यादे दिले नाही. खेळाचा तिरस्कार होता म्हणून? मला तसे वाटत नाही. जो खेळ दुसऱ्याच्या मर्जीवर मिळतो त्यावर मुलांचे आयुष्य उभे करू नये, इतका हिशेब त्याला कळला असावा. १९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने पहिल्यांदा २७ जणांना ग्रँडमास्टर किताब दिले. ज्याला त्याने हरवले होते तो रुबिनस्टाइन त्यांत होता, सुलतान खान नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी, त्याला मानद ग्रँडमास्टर म्हणून गौरवण्यात आले. चांगले झाले. पण सत्काराच्या शालीविषयी माझे मन आता थोडे सावध असते.

*

मी वर्गात जाऊन चूक कबूल केली. म्हटले, मुलांनो, मी तुम्हाला दर वर्षी अर्धी गोष्ट सांगत होते, आज पूर्ण सांगते. वडील, विंटर, येट्स, तळाला राहिलेली स्पर्धा, नातीचे म्हणणे, मिस फातिमा, सगळे सांगितले. टाळ्या पडल्या नाहीत. प्रश्न मात्र खूप आले. वही न उघडणारी ती मुलगी म्हणाली, "मतलब, उसको सिखानेवाले थे." मी म्हटले, होते. ती म्हणाली, "फिर ठीक है," आणि वही उघडली.

आता आमच्याकडे एक जाड वही आहे. तिच्यात मुले सुरुवातीच्या चाली उर्दूत लिहितात. मजकूर उजवीकडून डावीकडे, घरांची नावे इंग्रजी अक्षरांत डावीकडून उजवीकडे, त्यामुळे एकेक ओळ अशी वेडीवाकडी होते की पाहून हसू येते. पण मुलांना ती वाचता येते आणि नववीतून जाणारी मुले ती सातवीतून येणाऱ्यांना समजावतात. वही ज्या कपाटात असते त्याची किल्ली मी माझ्याकडे ठेवत नाही, कपाटाशेजारी खिळ्याला टांगलेली असते.

आणखी एक काम सुरू केले आहे, त्याचा बुद्धिबळाशी संबंध नाही, किंवा फार आहे. दहावीच्या मुलांसाठी गणित आणि विज्ञानातले उर्दू शब्द आणि त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द यांची यादी करून रोज दहा मिनिटे ते वाक्यांत वापरायला लावते. अकरावीचा पहिला दिवस त्यांना अनोळखी वाटू नये, एवढीच सज्जता. याला मी मनातल्या मनात तअबिया म्हणते. यासाठी कुणी माझे आभार मानले की मला संकोच वाटतो, कारण हा एहसान नाही. हे त्यांचे होतेच, मी उशिरा दिले.

बसस्टँडजवळच्या त्या दुकानावरून जाते तेव्हा तो आतून सलाम करतो. मी सलामाचे उत्तर देते. त्याच्या वेळी अशी यादी नव्हती, आणि माझ्याजवळ फक्त भाषण होते. ते देणे माझ्याकडे अजून बाकी आहे.